घरच्या कोंबड्यांची अंडी धुऊन ठेवावीत का? फ्रीजबाहेर किती दिवस टिकतात?

धुऊ नका. फ्रीजचं पुढे सांगते, पण धुण्यावरून आमच्या घरात नऊ वर्षं वाद आहे, म्हणून आधी तेच.

आमचं इंदूरचं घर जुनं, मागे मोठं परस. तिथे माझ्या चार देशी आणि दोन कडकनाथ कोंबड्या होत्या, शिवाय एक कोंबडा. कडकनाथ आमच्या शेजारच्या झाबुआचा. त्याचं मांस काळं, अंडी मात्र फिक्कट बदामी असतात. काळी अंडी दाखवून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सासूबाई कडक शाकाहारी, त्यामुळे अंड्यांना फ्रीजबंदी. मी परसातल्या खोलीत कोरड्या भुशात निमुळतं टोक खाली करून ठेवायचे. आठवड्यात संपायची. कधी कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

मग एका गणपतीत थोरल्या जाऊबाई पुण्याहून आल्या. पावसाचे दिवस, खुराड्यात चिखल, दोन-चार अंड्यांना शीट लागलेली. मी बाजारात गेले होते. परत येऊन बघते तर अठराच्या अठरा अंडी बादलीभर गार पाण्यात बुडवलेली, आणि वहिनी एकेक पुसून टोपलीत रचताहेत. "किती घाण ठेवता गं," म्हणाल्या. दोन दिवस ती टोपली ओट्यावरच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर हाफफ्राय झालं, आणि रात्री पुतण्याला ताप, जुलाब, उलट्या. दोन दिवस सलाईन. तो दवाखान्यातून घरी यायच्या आत ठरलं होतं की कोंबड्या घरात नकोत. मला कोणी विचारलं नाही. दूधवाल्याच्या गावी पाठवल्या. कडकनाथची एक मादी माझ्या हातावर बसायची.

आता ऐका. अंडं बाहेर पडतं तेव्हा ओलसर असतं आणि ते ओल लगेच वाळून कवचावर पातळ थर बसतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती हा थर बुजवतो. धुतलं की थर गेला. त्यात पाणी गार असेल तर आतला गर आकसतो आणि बाहेरचं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. बादलीत चार अंड्यांची शीट होती, ती अठरांना लागली. "अमेरिकेत धुतात की," हे वहिनींचं आजही म्हणणं आहे. धुतात, खरंय. पण अंड्यापेक्षा गरम पाण्याने, जंतुनाशक वापरून, आणि लगेच थंड साठवणीत टाकतात. युरोपात पहिल्या प्रतीची अंडी धुऊन विकायला बंदी आहे. दोन्हींपैकी कुठलीही एक रीत पूर्ण पाळा. धुऊन ओट्यावर ठेवणं ही कुठलीच रीत नाही.

डाग असेल तर कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. फारच लडबडलेलं किंवा तडकलेलं सरळ टाकून द्या. खुराड्यातला पेंढा कोरडा राहिला आणि कोंबड्यांची झोपायची दांडी अंडी घालायच्या पेटीपेक्षा उंच असली की डागच कमी पडतात.

फ्रीजबद्दल मी स्वतः चुकले होते, हे कबूल. बाहेर ठेवायचा सल्ला थंड मुलखातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. घरात कोंबडा असेल तर फलित अंडं सत्तावीस अंशांच्या वर वाढू लागतं. एका उन्हाळ्यात मी फोडलेल्या अंड्यात लाल शिरा दिसल्या होत्या, तरी मी शिकले नव्हते. म्हणून दिवसातून दोनदा गोळा करा आणि सरळ फ्रीजमध्ये टाका, निदान मार्चपासून पाऊस संपेपर्यंत तरी. दारात नाही, आतल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. घरात शाकाहारी माणसं असतील तर डबा वेगळा ठेवा, वाद वाचतो. पेन्सिलीने तारीख लिहा. न धुतलेली महिनाभर छान राहतात. एकदा आत गेलेलं पुन्हा बाहेर ठेवू नका, कवचाला पाणी सुटतं. थंडीत भुशातली आठवडाभर चालतात, त्यापुढे मी ठेवत नाही. पाण्यात तरंगतं का ही परीक्षा फक्त वय सांगते, जंतू सांगत नाही.

आणखी एक, जे मी वहिनींसमोर बोलत नाही. साल्मोनेला, म्हणजे ताप-जुलाब आणणारा जंतू, कधीकधी कवच तयार व्हायच्या आधीच, कोंबडीच्या पोटातच अंड्यात शिरतो. मग धुवा, न धुवा, काही फरक नाही. त्यावर उपाय एकच, पांढरं-पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवणं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना कच्चं-अर्धकच्चं देऊच नका. त्या सकाळचं हाफफ्राय मी केलं होतं. पुतण्या तेव्हा सहा वर्षांचा होता.

सासूबाई गेल्यावर मी पुन्हा पाच कोंबड्या आणल्या. या दिवाळीत वहिनी आल्या, निघताना डझनभर अंडी मागून घेतली आणि विचारलं, "धुतलीस का?" मी म्हटलं, "नाही वहिनी. फोडायच्या आधी नळाखाली धरा, तेवढं पुरे."