परदेशात किनाऱ्याने सायकल चालवताना दिवसाला किती किलोमीटर ठरवावेत?

तुम्ही विचारले आहे की पुण्यात दर रविवारी सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होत असतील, तर व्हिएतनामच्या किनाऱ्याने जाताना दिवसाला शंभर किलोमीटर ठरवणे योग्य आहे का. योग्य नाही. साठ ठरवा, आणि वाटेत घाट असेल त्या दिवशी पन्नासच्या वर जाऊ नका. किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो असे धरून बहुतेक जण निघतात. ज्याने आपल्या कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने सायकल चालवली आहे त्याने तरी तसे धरू नये, कारण डोंगर जिथे थेट समुद्रात उतरतो तिथे रस्त्याला वर चढण्याखेरीज गत्यंतर नसते.

मार्च २०१९ मध्ये आम्ही सात जण मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे आणि दा नांग या शहरांमधला सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा एका दिवसात करायला निघालो होतो. आमच्या गटप्रमुखांनी आदल्या रात्रीच जाहीर केले की वाटेतल्या हाय वान घाटात जो सायकलवरून उतरेल त्याचा टप्पा पूर्ण धरला जाणार नाही, त्याने सरळ मागून येणाऱ्या गाडीत बसावे. मला ते तेव्हाच पटले नव्हते, पण मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचे मला आजही वाईट वाटते.

पहाटे साडेपाचला ह्वे सोडले. भातशेतीतून जाणारा सुरुवातीचा रस्ता खरोखरच सपाट होता. पुढे दोन लहान घाट लागले आणि पासष्ट-सत्तर किलोमीटर झाल्यावर, भर दुपारी, आम्ही लांग को या गावी पोहोचलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोठी खाडी आणि समोर हाय वानचा डोंगर. खाडीच्या उथळ पाण्यात मोटारसायकलींचे जुने टायर रांगेने टांगलेले होते. कालवे (ऑयस्टर) त्यांना धरून वाढत आणि ओहोटीला बायका ती खरवडून काढत. रस्त्याकडेच्या झावळ्यांच्या छपराखाली झोपाळ्यासारख्या जाळ्या बांधलेल्या असतात. चहाकॉफी घेतली की त्यांत हवा तेवढा वेळ पडून राहता येते. तिथे मी बर्फ घातलेला उसाचा रस प्यायले. आपल्याकडे लिंबू पिळतात, तिथे उसाबरोबर लहान आंबट संत्रेच चरकात घालतात, त्यामुळे सालीचा किंचित कडवटपणा रसात उतरतो. मला तिथे तासभर पडून राहायचे होते. आम्हाला दहा मिनिटे मिळाली, कारण शंभर किलोमीटर पुरे करायचे होते.

हाय म्हणजे समुद्र आणि वान म्हणजे ढग. २००५ मध्ये डोंगराखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला, त्यात सायकलला प्रवेश नाही, आणि एका परीने ते आपल्या पथ्यावरच पडते, कारण बहुतेक ट्रक बोगद्यातून जातात आणि वरचा जुना रस्ता मोकळा राहतो. इंधनाचे टँकर मात्र घाटातूनच जातात, तेव्हा वळणावर कान उघडे ठेवावे लागतात. माथा ४९६ मीटरवर आहे आणि लांग कोच्या बाजूने जवळजवळ दहा किलोमीटरची चढण आहे. पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या पिशव्यांत, सामान नसते आणि तो दिवसाचा पहिला तास असता, तर मी ती सहज चढले असते. सत्तर किलोमीटर झाल्यावर, दुपारच्या उन्हात, बारा किलो सामान घेऊन सात किलोमीटर चढले आणि मग मांड्यांत गोळे येऊ लागले. मी उतरले.

पेडलमध्ये अडकणारी क्लीट नावाची कडक पट्टी तळव्याला असलेल्या बुटांनी डांबरावर पाय घसरत होता, म्हणून बूट काढून चप्पल घातली आणि सायकल ढकलू लागले. मागून गाडी आली. ‘ताई, आता बसा,’ असे आतून आर्जवाने सांगण्यात आले. मी नाही म्हटले. उरलेल्या तीन किलोमीटरना मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी खाली कड्याच्या पोटाशी, समुद्राला अगदी चिकटून वळत जाणारी रेल्वे पाहिली. ती एका बोगद्यात शिरली आणि बऱ्याच वेळाने खालच्या वळणावर पुन्हा दिसली. माथ्यावर १८२६ मध्ये बांधलेली विटांची वेस आहे आणि तिला लागूनच नंतरच्या युद्धांतले काँक्रीटचे बुरूज आहेत. मी तिथे पोहोचले तेव्हा बाकीचे उतरणीला लागलेही होते.

रात्री दा नांगला गटाच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे लिहिले गेले. माझी सायकल ह्वेपासून दा नांगपर्यंत एक मीटरही गाडीत चढली नव्हती. चाके रस्त्यावरच फिरली आणि मी त्यांच्याबरोबर होते. चढणीवर उतरून सायकल हातात धरणे हा सायकलप्रवासाचाच भाग आहे, आपल्या आधीच्या पिढ्यांनी दूध आणि टपाल घेऊन घाट असेच पार केले. उतरायचे नाही हा नियम शर्यतीचा आहे, आणि जो तो सहलीला लावतो तो सोबत्यांचा दिवस वाया घालवतो. तुमच्या गटात कोणी असा नियम मांडला, तर निघण्यापूर्वीच स्पष्ट नकार द्या.

हे सगळे वाचून शंभर किलोमीटर अशक्य आहेत असे मात्र समजू नका. सामानासह सलग चार-पाच दिवस शंभर किलोमीटर करण्याचा सराव असेल, तर मी सांगितलेला आकडा तुमच्यासाठी नाही. रविवारचे ऐंशी किलोमीटर रिकाम्या सायकलवरचे असतात आणि सोमवारी विश्रांती असते, एवढेच ध्यानात घ्या. त्या पट्ट्यात सप्टेंबर ते डिसेंबर मुसळधार पाऊस असतो, त्या महिन्यांत जाऊ नका. ह्वे ते दा नांग करायचेच असेल, तर लांग कोला मुक्काम करा आणि सकाळी सहाला घाट चढायला घ्या. मी पुढच्या वर्षी जाणार होते, ते टाळेबंदीमुळे राहिले, पण माझा बेत आजही हाच आहे. आणि चप्पल पॅनिअरमध्ये अगदी वर ठेवा, माझी तळाशी होती आणि ती काढण्यासाठी मला घाटात रस्त्याच्या कडेला सगळे सामान उपसावे लागले होते.