दोरा एक हात

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. बाहेर माँट्रियलचा बर्फाळ पाऊस, साडेचारच्या सुमारासच मावळणारा दिवस, आणि मन रमावं म्हणून काढायला घेतलेल्या कसुतीने, म्हणजे कर्नाटकातल्या घरं मोजून करायच्या भरतकामाने, उलट चिडचिड झाली, असं लिहितेस. ‘मला हे जमणारं नाही का?’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तुझ्या जांभळ्या ओळीची सुरुवात भरीव आहे आणि शेवट पिंजलेला. म्हणजे दोरा मीटरभर घेतला होतास.

दोरा एक हात घ्यायचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंमी. एवढं एक ऐकलंस तर बाकीचं निम्मं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

हिशेब कर. तुझं कापड इंचाला १४ घरांचं, म्हणजे एक टाका सुमारे १.८ मिलिमीटरचा. टोकांसाठी आणि सुईसाठी १० सेंमी सोडले तर एका हाताच्या दोऱ्यात ३५ सेंमी कामाला येतात. सुईजवळचा भाग तेवढ्यात १९० च्या आसपास वेळा कापडातून घासून जातो. मीटरभर दोऱ्यात तोच भाग ५०० वेळा घासतो. पीळ सुटतो, चकाकी जाते, रंग मळकट दिसतो. तू रंगाला दोष देते आहेस, रंग चांगला आहे.

गवंतीत, म्हणजे कसुतीच्या जाऊन-येऊन भरायच्या टाक्यात, याचा आणखी एक फायदा आहे. जाताना एक घर सोडून एक टाका, परतताना रिकामी घरं भरायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एक सेंमी ओळीला दोन सेंमी दोरा लागतो. म्हणून ३५ सेंमीत १६ सेंमी ओळ जाऊन-येऊन पुरी होते. अर्धा दोरा संपला की मागे फिरायचं. लांब दोऱ्यात हे वळण कुठे घ्यायचं तेच कळत नाही, आणि मग मध्ये एक घर रिकामं राहतं. नक्षीच्या मुख्य ओळीला, खोडाला, फांदी आली तर आधी फांदीच्या टोकापर्यंत जाऊन, ती परतीच्या टाक्यांनी भरून खोडाशी ये आणि मगच पुढे चाल. तू काढलेल्या तुळशी वृंदावनाच्या डाव्या पायरीत असंच घर रिकामं राहिलंय. तिथे फक्त पायरी उसव, सगळं नको.

गाठ नको. सुरुवातीला ५ सेंमी टोक मोकळं सोड आणि नंतर टाक्यांतून ओवून घे. आखूड दोऱ्याने टोकं वाढतात, हे मला माहीत आहे, आणि तू हेच म्हणणार आहेस. वाढू देत. प्रत्येक टोक ओवायला अर्धं मिनिट लागतं, पिंजलेली ओळ उसवायला संध्याकाळ जाते. वेळ वाचवायला लांब घेतलेल्या दोऱ्याने माझा वेळ कधीच वाचवला नाही. उसवलेल्या कापडाची भोकं आजही मला दिसतात. म्हणून मी हट्टी आहे, आणि राहणार.

आता तुझ्या थंडीचं. घर तापवलं की हवा कोरडी पडते, बोटांची त्वचा फुटते आणि दोऱ्याचे तंतू तिला अडकतात. साखर आणि दोन थेंब तेल बोटांवर चोळून साबणाने धू. क्रीम लावलंस तर २० मिनिटं थांब, नाहीतर कापडावर तेलकट डाग पडतो. कोरड्या हवेत दोऱ्याला वीजभार येऊन तो स्वतःलाच चिकटतो, आणि लांब दोरा जास्त. दोऱ्याच्या सहा पदरांतले दोन हवे असतील तर एकदम ओढू नकोस. एक पदर सरळ वर ओढून काढ, मग दुसरा, मग जोडी लाव. सात-आठ टाक्यांनंतर सुई लोंबकळू दे, दोऱ्याला पडलेला जादा पीळ आपसूक सुटतो. सुई २४ नंबरची, बोथट टोकाची. टोकदार सुई कापडाचा धागा चिरते आणि मोजणी चुकते.

वीज जाईल हे गृहीत धर. वरच्या उबदार थरात वितळलेला बर्फ जमिनीलगतच्या शून्याखालच्या थरातून पाण्यासारखाच खाली येतो आणि तारेला लागताच काचेसारखा गोठतो. त्या वजनाने तारा तुटतात. जानेवारी १९९८ मध्ये तुझ्याच शहराच्या परिसरात लाखो लोक अंधारात होते, काही आठवडे. म्हणून रंग दिवसाउजेडीच निवडून ठेव. जांभळा, गडद निळा आणि काळा बॅटरीच्या उजेडात एकच दिसतात. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून नाव लिही. मेणबत्तीजवळ भरतकाम करू नकोस, कपाळाला बांधायची बॅटरी घे. आणि ऊब म्हणून खोलीत कोळसा किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवायचा नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बोटं आखडली की थांब. ताठ बोटांनी टाका घट्ट ओढला जातो आणि कापड चुण्या धरतं.

संक्रांतीसाठी काळ्या चंद्रकळेवर काढायचं म्हणतेस. रंग छान उठेल: लाल, केशरी, हिरवा, पांढरा. पण काळ्यावर घरं दिसत नाहीत, मांडीवर पांढरा रुमाल पसर, मग कापडाच्या घरांतून उजेड दिसतो. लाल दोऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघ, रंग लागला तर आधी थंड पाण्यात धुऊन घे. कसुतीच्या टाक्यांपैकी पहिल्यांदा फक्त गवंती आणि पायऱ्यांची मुरगी घे. नेगी विणल्यासारखी दिसते पण तिचे लांब टाके मोजायला भरपूर उजेड लागतो. मेंथीची फुली भरते छान, पण दोरा खाते आणि मागची बाजू वेगळी येते.

मोजताना डोकं बाहेरच्या वादळात राहत नाही, हे तुलाही कळलं असतं, दोरा तुला दर पाच मिनिटांनी छळत नसता तर. संपला की थांबायचं, खिडकीकडे बघायचं, नवा दोरा ओवायचा. एक हात.

वृंदावनाच्या पायऱ्या दुरुस्त झाल्या की मला उलट्या बाजूचा फोटो पाठव. सुलट्या बाजूचा नको.