‘त्र्यंबक’चं आद्याक्षर नुसतं ‘त’ नसतं

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी बीसीएला आहे. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या सभासदांची कार्डं पायथनमध्ये बनवून राहिलो. कार्डावर पूर्ण नाव मावत नाही म्हणून आद्याक्षरं आणि पुढे आडनाव असं छापायचं आहे. इंग्रजी नावांना प्रोग्राम बरोबर चालते, पण मराठी यादी टाकली की ‘विनायक’चं ‘व’ येते अन् ‘त्र्यंबक’चं ‘त’, आणि काही नावांवर तर एरर देऊन बंदच पडते. काहून होत असेल असं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी एररचं बघू, ते लवकर उरकतं. तुम्ही बहुतेक स्प्लिटच्या, म्हणजे नावाचे शब्द सुटे करणाऱ्या फंक्शनच्या, कंसात एक स्पेस देताय. यादी टाइप करताना कुणीतरी दोन नावांमध्ये दोनदा स्पेस दाबलेली असते, मग त्या दोन स्पेसच्या मध्ये एक रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला शब्द, तयार होते आणि तिचं पहिलं अक्षर मागितलं की पायथन इंडेक्स एरर देणारच. कंस रिकामा ठेवा. मग स्पेस कितीही असो, टॅब असो, सगळं मिळून एकच धरलं जातं आणि मागच्यापुढच्या स्पेसही गळून जातात.

आता मुख्य गोष्ट, आणि ही तुम्ही विचारली याचा मला फार आनंद झाला, कारण मोठमोठ्या ॲपमध्येसुद्धा मराठी नावाचं असं मोडकं आद्याक्षर दिसतं आणि कुणी बोलत नाही. आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते विष्णू भिकाजी कोलते, ते वि. भि. कोलते. व. भ. कोलते असं कुणी लिहिलं तर माणूस ओळखूच येणार नाही. चिंतामण त्र्यंबक खानोलकर म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. म्हणजे आपल्याकडे आद्याक्षर घेताना मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं सोबत येतं, आणि प्रोग्रामला हेच शिकवायचं आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, ‘त्र्यंबक’ असा साठवला जातो : त, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह), र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क. डोळ्याला ३ अक्षरं दिसतात पण पायथनला लांबी विचारा, ८ सांगेल. त्यातले पहिले ६ तुकडे मिळून आपलं ‘त्र्यं’ होतं आणि तुम्ही शून्य नंबरचा एकच तुकडा उचलताय, म्हणून ‘त’. ‘विनायक’मध्ये ‘व’ वेगळा आणि वेलांटी वेगळी, तिथेही तेच.

उपाय स्वतः लिहिता येतो आणि एकदा तरी स्वतः लिहाच. पहिला तुकडा घ्या. पुढचा तुकडा मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) किंवा हलन्त असेल तर जोडा. तो व्यंजन असेल तर मागे बघा, मागे हलन्त असेल तरच जोडा नाहीतर तिथेच थांबा. हलन्ताचा युनिकोड नंबर ०९४डी. बाकी चिन्हं ओळखायला युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं कॅटेगरी फंक्शन वापरा, या सगळ्या चिन्हांची कॅटेगरी एम अक्षराने सुरू होते. फक्त काही कीबोर्ड हलन्तानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालतात, नंबर २००डी, ते एम मध्ये येत नाही. त्यासाठी वेगळी अट घाला, नाहीतर जोडाक्षर मध्येच तुटेल आणि स्क्रीनवर कारण सापडणार नाही.

तयार पाहिजे असेल तर रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल करा, पायथनसोबत येणारं आरई नाही. त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स लिहिलं की डोळ्याला दिसणारं एक पूर्ण अक्षर मिळतं. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम इंटल सेगमेंटर करतो. पण इथे एक खाच आहे. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर तोडायची मुभा होती, ‘त्र्यं’चे त्, र्, यं असे ३ तुकडे व्हायचे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं अखंड ठेवायचा नियम आला. तुमच्याकडची लायब्ररी नवी का जुनी हे तपासायला ‘त्र्यंबक’च टाकून बघा.

प्रश्न : मी वकिलांच्या ऑफिसात काम करते. आमच्या यादीत कुठे ॲड., कुठे डॉ., कुठे श्री. लावलेलं आहे आणि काहींनी आडनाव आधी लिहिलंय. आद्याक्षरं काढायची कशी?
– एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, उपाध्यांची एक यादी करा आणि पहिला शब्द टिंबासकट तिच्याशी जुळला तरच काढा. टिंब न बघता नुसत्या ‘श्री’वर कात्री चालवली तर ‘श्रीकांत’चा ‘कांत’ होऊन बसेल. ‘ॲड.’ मात्र यादीत दोनदा लिहा कारण कुणी ॲ हे एकच अक्षर टाइप करतं, नंबर ०९७२, तर कुणी अ वर चंद्र देतं, दिसायला सारखंच पण कॉम्प्युटरला वेगळं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तरी ते दोन्ही एक होत नाहीत. उपाध्या काढायच्या आधी प्रत्येक टिंबानंतर एक स्पेस घाला, म्हणजे ‘वि.भि.’ असं चिकटवून लिहिलेलंही सुटं होईल.

आडनाव कुठलं हे प्रोग्रामला ओळखायला लावू नका. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, लग्नपत्रिकेत शेवटी, आणि ‘राजे भोसले’सारखी दोन शब्दांची आडनावंही आहेतच. फॉर्ममध्येच आडनावाचा रकाना वेगळा ठेवा, जुन्या यादीला एकदा माणसानेच बसून हात लावावा, कंटाळवाणं आहे पण चुकीच्या नावाने नोटीस जाण्यापेक्षा कधीही बरं. आणि नाव तीनच शब्दांचं असतं असं धरून कोड लिहू नका : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे, तेव्हा आडनाव सोडून जितके शब्द असतील तितक्यांवर लूप फिरवा.

छापताना आद्याक्षरांच्या मधली स्पेस नॉन ब्रेकिंग घ्या, नंबर ००ए०, म्हणजे ‘वि.’ एका ओळीत आणि ‘भि.’ खालच्या ओळीत असं तुटणार नाही. हे महालवाल्या भाऊंनाही कार्डावर लागेल.