शाळकरी मुलाची झोप आणि घराची संध्याकाळ

मूल रात्री दहा वाजून गेले तरी झोपत नाही आणि सकाळी शाळेची बस यायची वेळ झाली तरी उठत नाही, ही तक्रार अमेरिकेतील मराठी पालकांकडून वारंवार ऐकू येते. ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितले आहे. म्हणजे सकाळी साडेसहाला उठणारे आठ वर्षांचे मूल रात्री नऊच्या सुमारास झोपी गेलेले असावे. आपल्या बऱ्याच घरांत त्या वेळी जेवणाची ताटे नुकतीच उचललेली असतात.

म्हणून मुलाला दटावण्याआधी घराची संध्याकाळ तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांनी एकत्र जेवावे हा आग्रह चांगलाच, परंतु त्यापायी मुलाचे जेवण साडेआठपर्यंत लांबत असेल, तर त्याला साडेसहालाच वरणभात वाढावा आणि एकत्र जेवणे सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवावे. जेवणानंतर येतो भारतातला फोन. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे सहा झालेले असतात. आजी-आजोबा चहाचा कप घेऊन मोबाइलसमोर बसतात, नातवाला पाहून त्यांचा दिवस सुरू होतो, आणि नातवंड मात्र त्या हसण्या-बोलण्याने ऐन झोपेच्या वेळी पुन्हा ताजेतवाने होते. हा संवाद तोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही, त्याची वेळ बदलावी. शनिवारी-रविवारी सकाळी नऊला फोन केला, तर तिकडे साडेसहाची दिवेलागण असते आणि आजीबरोबर शुभंकरोतीही म्हणता येते. नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळे मागे गेली की तिकडे साडेसात होतात, पण तीही वेळ सोयीचीच आहे. आठवड्यात बोलायचेच असेल, तर सकाळच्या नाश्त्याला पाच मिनिटे पुरेत.

झोपण्याची वेळ मात्र एकदम मागे ओढू नये. ज्याला प्रत्यक्षात साडेदहाला झोप लागते, त्याला आठ वाजता अंथरुणात घातले, तर ते तळमळत राहते आणि अंथरूण म्हणजे शिक्षा असे त्याच्या मनात बसते. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही जवळजवळ तीच ठेवावी, उठल्याबरोबर पडदे उघडून उजेड आत घ्यावा आणि झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सिएटलसारख्या ठिकाणी जूनअखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तेथे जाड पडदे लावावेतच, कारण उजेडात मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक शरीरात उशिरा वाढते. टॅब आणि मोबाइल झोपण्यापूर्वी तासभर आधी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत, आईवडिलांचेसुद्धा.

दिवा मालवल्यावर "पाणी हवं", "शू लागली" सुरू होते, त्यामागे पुष्कळदा दिवसभर मनात साठलेले काहीतरी असते. वर्गात नावाचा उच्चार कोणीतरी वेडावून दाखवलेला असतो, डब्यातल्या भाजीला कोणी नाक मुरडलेले असते. या गोष्टी अंधारात बाहेर पडण्याआधी, जेवणानंतर दहा मिनिटे मुलाजवळ बसून ऐकाव्यात. ते इंग्रजीत सांगू लागले तर त्या क्षणी मराठीसाठी अडवू नये. मराठी हवी तर ती अंथरुणातल्या गोष्टीत आणावी. पायाच्या तळव्यांना खोबरेल चोळत सांगितलेली गोष्ट मुले सहसा नाकारत नाहीत.

शेजारी आई किंवा बाबा झोपल्याशिवाय मुलाला झोप येत नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडे मुले अशीच वाढली आहेत. मात्र मध्यरात्री जाग आल्यावरही त्याला तुम्हीच लागत असाल, तर प्रथम अंथरुणाशेजारी बसावे, काही दिवसांनी खुर्ची दाराशी न्यावी आणि मग बाहेरच्या खोलीतून आवाज देत राहावे.

एवढे करूनही मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात असे ते सांगत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढलेले टॉन्सिल किंवा लोहाची कमतरता अशी कारणे त्यामागे असू शकतात. अमेरिकेत मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, परंतु त्या पूरक आहार म्हणून विकल्या जात असल्याने त्यांची औषधांइतकी काटेकोर तपासणी होत नाही. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला देऊ नयेत.