अरबी बोलायची सुरुवात घरातूनच कर

कुराण वाचता येतं, पण अरबीत एक वाक्य बोलता येत नाही म्हणतेस ना? माझंही वर्षभर तेच होतं. वहीतले तक्ते पाठ करण्यापेक्षा घराबद्दलच्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, घे.

३० व्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, २१ वी आयत बघ. नवरा-बायकोबद्दल तिथे 'लितस्कुनू' आलंय, म्हणजे तुम्हाला निवांतपणा मिळावा म्हणून. मूळ अक्षरं तीन: स, क, न. त्यातूनच 'मस्कन', राहतं घर. 'सुकून' तर आपण रोजच म्हणतो. पुढे 'मवद्दा' आणि 'रहमा', माया आणि दया.

१७ व्या सूरेतली २३ वी मला फार जवळची. आईवडिलांना 'उफ्फ'सुद्धा म्हणू नका. त्यातलं 'लहुमा' म्हणजे 'त्या दोघांना'. अरबीत दोघांसाठी वेगळं द्विवचन असतं, ते इथे कायमचं डोक्यात बसतं. कुर्ल्याच्या आमच्या एका खोलीत सासूबाई तेच तिसऱ्यांदा विचारतात, तेव्हा ओठांवर आलेलं 'उफ्फ' मी खरंच गिळते.

उच्चार मात्र जाणकारासमोर बसूनच शीक. पडजिभेपासून काढलेल्या 'काफ' या अक्षराने 'कल्ब' म्हणजे हृदय; साध्या 'क'ने तोच शब्द कुत्रा होतो. आणि दुबईच्या नोकरीसाठी शिकत असशील तर आखाती बोली वेगळी, ती नंतर धर.

आज रात्री जेवताना पाणी अरबीत माग: 'उरीदु माअन, मिन फज्लिक'. आईकडे मागताना, बाईशी बोलतेस म्हणून, 'फज्लिकि' म्हण.