निरगाठ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

‘काका, आई आणि मी थंडीत हाफ मॅरेथॉन पळणार, प्लॅन द्या,’ एवढाच तुझा मेसेज. प्लॅन देतो, पण आधी आमच्या अण्णांच्या लेसची गोष्ट ऐक.

मी तेव्हा 26 वर्षांचा, अण्णा 58 चे. आम्ही बडोद्याच्या कमाटी बागेत पळायला जाऊ लागलो. दर दोन-चार मिनिटांनी अण्णांच्या उजव्या बुटाची लेस सुटायची. मग ते बाकावर पाय ठेवायचे, चष्मा सावरायचे, सावकाश सुरगाठ बांधायचे. तिसऱ्या दिवशी मी वैतागून खाली बसलो आणि करकचून निरगाठच मारून दिली. ‘‘आता नाही सुटणार!’’ अण्णा नुसते ‘‘बरं’’ म्हणाले आणि माझ्या वेगाने पळत राहिले. त्याच आठवड्यात त्यांची पोटरी दुखावली, पुढे महिनाभर लंगडत होते. लेस सुटतच नव्हती रे. त्यांना दम खायचा होता, आणि पोरापुढे तसं म्हणवत नव्हतं.

तुझी आई लेस बांधत बसणार नाही. ती प्राजक्ताची फुलं वेचायला थांबेल, नाहीतर कुणी ओळखीचं दिसलं म्हणून. दमले असं मात्र म्हणायची नाही. तेव्हा थांबायचं कधी, हे तिच्यावर सोडूच नकोस, घड्याळावर सोड. 1 मिनिट पळायचं, 2 मिनिटं चालायचं, असं 10 वेळा. झाला अर्धा तास. आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. दोन-तीन आठवडे हे अंगवळणी पडलं की पळायचं मिनिट वाढव, चालायचं काढून टाकू नकोस. बीप वाजली की दोघांनीही चालायचं, तुझे पाय कितीही शिवशिवत असले तरी. हाफ मॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर असं पळत-चालत पुरं करणारे पुष्कळ असतात.

वेग कसा ठरवायचा? पळता पळता तिने पुरणाचं प्रमाण न अडखळता सांगायला हवं. ‘डाळ... दोन वाट्या... गूळ...’ असं तुटक यायला लागलं की वेग जास्त झाला. 220 मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो: तुझे 198, तिचे 167. तुझं रमतगमत पळणं ही तिच्यासाठी शर्यत असू शकते. आणि मनगटावरच्या त्या घड्याळाचे आकडे तिला वाचून दाखवू नकोस. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे आकडा फसवा निघतो. सुरुवातीआधी डॉक्टरांकडून बीपी, शुगर आणि हृदय तपासून घ्या. छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात दुखला, घाम फुटला, तर त्या क्षणी थांबायचं आणि थेट दवाखाना. पित्त असेल म्हणून घरी यायचं नाही.

तुला स्वतःच्या वेगाने पळायची हौस असेलच. मग आठवड्यातून एकदा काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडच्या गेटापासून निघा आणि बागेला उलटसुलट दिशांनी फेऱ्या मारा. वाटेत समोरासमोर भेटत राहाल, मागे कुणीच पडणार नाही.

दुसरा महिना जपा. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. श्वास लागत नाही म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी धरून बसतो. आईच्या वयात, पाळी थांबल्यावर, हाडांची झीजही वाढते. म्हणून पळणं नसेल त्या दिवशी हाताचा आधार न घेता खुर्चीतून 10-12 वेळा उठबस, भिंत धरून टाचा वर-खाली. दोघांनीही. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आणि तिला पळायला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा लागेल. तुला लाज वाटत असेल तर पैसे मावशीच्या हातात दे आणि दोघींना पाठव, पण हे टाळू नकोस.

बडोद्यातल्या गोष्टी तुला ठाऊकच आहेत. विश्वामित्री नदी चढली की बागेकडे फिरकायचं नाही, 2024 च्या ऑगस्टमध्ये मगरी कुठेकुठे निघाल्या ते पाहिलंयस. नवरात्रात रात्री गरबा झाला असेल तर सकाळचं पळणं रद्द, पायांना तेही कामच आहे. उत्तरायणाच्या आगेमागे गळ्याला मफलर गुंडाळूनच बाहेर पडा, मांजा दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. तू म्हणशील, आईचा अडथळा गुडघा. मला विचारशील तर पावणेसातचा डबा. तुझा, बाबांचा, वर सगळ्यांचा चहा. पहाटे साडेपाचला ती तुझ्याबरोबर बाहेर पडली तर ते कोण करणार? ती साडेचारला उठून करेल, तुला पत्ताही लागणार नाही, आणि झोप मोडून पळालेली बाई महिन्याभरात आजारी पडेल. मग सगळे म्हणतील, या वयात झेपत नाही. पळायच्या तिन्ही दिवशी कणीक आदल्या रात्री तू मळ, भाजी बाबांनी चिरायची. पोळ्या वाकड्या होतील, होऊ देत. ‘मी मदत करू का?’ असं विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल.

मंगळवारी साडेपाचला काळ्या घोड्यापाशी या, मी चालणाऱ्यांत असतो. डबा भरून ये.

तुझा,
काका