दोन एव्ही रिसीव्हरपैकी ८० वॅटचा घ्यावा की १४० वॅटचा?

आपला दिवाणखाना १२ बाय १५ फुटांचा आहे, ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर) घेऊन झाले आहेत आणि सारख्याच किमतीच्या दोन रिसीव्हरपैकी, म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवून स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्रांपैकी, एकावर ८० वॅट, दुसऱ्यावर १४० वॅट लिहिले आहे. तेवढ्यावरून निवड सांगा, असे आपण विचारले आहे. तेवढ्यावरून ती सांगता येत नाही, आणि हीच गोष्ट मी २०१६ पासून माझ्या साडूंना सांगत आलो आहे.

८० चा आकडा बहुधा ८ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध), २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ या कानाला ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल, म्हणजे दोन स्पीकरांच्या वाटा, एकाच वेळी चालवून काढलेला असतो. १४० चा आकडा पुष्कळदा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्‌झला, एकच चॅनेल चालवून आणि कधी कधी तर आवाजातली १० टक्के विकृती खपवून घेऊन काढलेला असतो. एकाच यंत्राच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे सापडू शकतात. शिवाय वॅट दुप्पट झाले, तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो.

त्या वर्षी आम्ही दोघे बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने सिनेमातला एकच प्रसंग आधी लहान आणि मग मोठ्या यंत्रावर ऐकवला आणि साडूंनी ताबडतोब ‘हा दमदार’ असा निकाल दिला. मोठ्या यंत्राचा आवाजच थोडा वाढवून ठेवलेला होता, आणि जो आवाज जरा मोठा, तोच कानाला भरदार वाटतो. दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा ऐकवा, अशी विनंती मी केली, तेव्हा सदाशिव पेठेतल्या माणसाला फुकट ऐकण्यातही खोट दिसते, असे साडू दुकानदारासमोर म्हणाले. मी लहान यंत्र घेतले, त्यांनी मोठे. ते त्यांनी सहकारनगरच्या घरी काचेच्या दाराच्या कपाटात बसवले आणि पुढच्या मे महिन्यात सगळे नातेवाईक जमलेले असताना सिनेमातल्या ऐन मारामारीत ते तापून बंद पडले. साडूंनी दोष विजेच्या दाबाला दिला. पंखे आणि फ्रिज मात्र व्यवस्थित चालू होते.

आपण वॅट सोडून मायक्रोफोन लावून खोलीनुसार आवाज जुळवणारी प्रणाली कोणत्या पातळीची आहे ते पाहावे. ऑडिसी या नावाच्या अशा प्रणालीत साध्या मल्टइक्यूपेक्षा एक्सटी आणि त्याहून एक्सटी३२ वरचढ आहे. आपल्या खोलीत खरा घोळ खालच्या स्वरांचा होणार, आणि तो वॅटने सुटत नाही. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरून रिसीव्हरकडे नेणारी सोय, आणि ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती. ईएआरसीसाठी मात्र जास्त पैसे मोजण्याची घाई नको, कारण ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज येतो असे भासवणारी ध्वनिपद्धत) सहसा डॉल्बी डिजिटल प्लस या आटोपशीर स्वरूपात येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतो. यंत्राच्या वर मोकळी जागा ठेवावी, हे वेगळे सांगायला नको, पण सांगावे लागते.

स्पीकर ४ ओहमचे किंवा ८४ डेसिबलच्या आसपास संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कमी आवाज देणारे, असतील, तर मात्र ताकद खरोखरच लागते आणि माझे वरचे बरेचसे बोलणे सैल पडते. आपण स्पीकरचे नाव कळवलेले नाही. साडूंचे स्पीकर ८ ओहमचे आणि ९० डेसिबलचे आहेत. खोके अजून त्यांच्या माळ्यावर आहे, मी वाचले आहे.